गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर : मांडणी, निगा आणि दुरुस्ती

रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे काम आता फारसे उरलेले नाही. त्या कामावर ज्यांचे घर चालत होते, अशा कारागीर बांधवांपुढे हातातले कसब कुठे वापरायचे, हा प्रश्न आहे. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती हे त्याचे एक उत्तर आहे. मुंबई, पुणे आणि गोव्यात बँड व ऑर्केस्ट्रावाले पुष्कळ आहेत, आणि त्यांना जाणकार मेकॅनिक हवा असतो.

हा धंदा वाढलाच मुळी दुरुस्तीच्या दुकानातून. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे त्यांच्याच नावाने गिटार व अ‍ॅम्प्लिफायर जगभर गेले. लंडनमध्ये ड्रम विकणारे दुकानदार जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडरच्या ‘बासमन’वरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार करविला.

आता कामाकडे वळू. सर्वांत आधी जिवाची काळजी. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असू शकतो. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. इन्सुलेशन असलेल्या वायरला १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडून कंडेन्सर रिकामा करावा व मीटर लावून खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नये.

मांडणी करताना चार गोष्टी पाहाव्यात :

१. अमेरिकेहून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असू शकते. मागची पट्टी वाचावी. व्होल्टेज बदलण्याची सोय नसेल तर पुरेशा वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा.

२. घूं आवाज येतो म्हणून अर्थिंग कधीही तोडू नये. वादकाच्या हातात धातूच्या तारा असतात. बिघाड झाला तर शॉक सरळ त्यालाच बसतो.

३. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवू नये. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ओहम जुळवावेत. १६ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर ८ ओहम होतात. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लिहिलेल्या ओहमपेक्षा कमीचा स्पीकर जोडू नये.

४. स्पीकरसाठी गिटारची शिल्डेड वायर वापरू नये. ती बारीक असते व तापते. साधी जाड दोन तारांची वायर घ्यावी.

दोष शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. आवाजच नसेल तर आधी गिटारची वायर बदलून पाहावी, मग स्पीकर, मग फ्यूज. मागे सेंड-रिटर्नचे जॅक असतील तर ते एका छोट्या वायरने जोडून पाहावेत. आवाज परत आला तर रिटर्न जॅकचा संपर्क गंजला आहे, असे समजावे. कोकणच्या दमट हवेत असे होतेच.

फ्यूज पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नये. मेन लाइनमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजला लावून यंत्र चालू करावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं आवाज राहिला तर फिल्टर कंडेन्सर सुकल्याची शंका घ्यावी. व्हॉल्यूम वाढविल्यावरच आवाज वाढत असेल तर दोष पुढच्या भागात, वायरमध्ये किंवा गिटारमध्ये असतो. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवावा. व्हॉल्व्हवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून ठणठण आली तर तो व्हॉल्व्ह बदलावा. मोठ्या व्हॉल्व्हची प्लेट लाल झाली तर लगेच बंद करून बायस तपासावा. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर दुरुस्तीनंतर स्पीकर जोडण्यापूर्वी आऊटपुटवर डीसी मोजावा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नये, तो जळेल.

शेवटी व्यवहाराविषयी. गिऱ्हाइकाचे यंत्र ही आपल्याकडची अमानत आहे. खर्चाचा अंदाज आधी सांगावा, बदललेले पार्ट त्याच्या हाती द्यावेत, आणि केवळ वायर खराब निघाली तर वायरचेच पैसे घ्यावेत. वादकांची एकमेकांत ओळख असते. एकाला चोख काम मिळाले की तो दुसऱ्याला घेऊन येतो, आणि एकाला फसविले की बातमी त्याहून लवकर पसरते. बरकत कशात आहे, हे आपल्या कारागिरांना वेगळे सांगायला नको.