अक्रोडाचे रायवळ धन

काश्मिरी अक्रोडाचे पोते उघडले, तर त्यातील दोन फळे सहसा सारखी आढळत नाहीत. एकाचे कवच बोटांनी दाबताच फुटते, तर दुसऱ्यासाठी दगड शोधावा लागतो. एकाचा गर पांढुरका, दुसऱ्याचा तपकिरी. कवचाच्या जाडीवरून काश्मिरात ‘कागझी’, ‘बुर्झुल’ आणि ‘वोंठ’ असे प्रकार मानले जातात. व्यापाऱ्यांच्या लेखी ही विसंगती म्हणजे दोष होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती त्या खोऱ्याची मोठी ठेव आहे.

या विविधतेचे कारण फुलोऱ्यात आहे. अक्रोडाच्या एकाच झाडावर नरफुलांचे लोंबते तुरे आणि मादीफुले दोन्ही येतात. परंतु ती बहुधा एकाच वेळी पक्व होत नाहीत. त्यामुळे वाऱ्याबरोबर आलेले दुसऱ्या झाडाचे परागकण फळधारणा घडवितात आणि प्रत्येक बी नव्या आनुवंशिक संयोगातून तयार होते. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, हे कोकणातील बागायतदार जाणतोच. काश्मिरात पिढ्यान्‌पिढ्या अक्रोडाची लागवड बियांपासूनच होत आली. साहजिकच तेथील जुनी झाडे बहुतांशी रायवळ असून प्रत्येकाचे गुण निराळे आहेत.

थंड प्रदेशात या निराळेपणाला विशेष महत्त्व येते. तेथे झाडापुढे दोन संकटे असतात आणि ती एकच समजण्याची चूक नेहमी होते. पहिले, कडक हिवाळ्याचे. सुप्तावस्थेतील काटक झाड उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडीही सोसू शकते. दुसरे संकट वसंताचे. पालवी एकदा फुटली, की पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला तरी कोवळे कोंब व मोहोर काळवंडून जातात. हिवाळ्यात तग धरणारे झाड लवकर पालवत असेल, तर ते या दुसऱ्या परीक्षेत नापास होते. फ्रान्समधील ‘फ्रँकेट’ ही जुनी जात उशिरा पालवते आणि म्हणूनच तेथे टिकून राहिली. पहिल्या गुणाचे उदाहरण कार्पेथियन पर्वतराजीतील अक्रोडांचे. पाद्री पॉल क्रॅथ यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथील बिया कॅनडात नेल्या. त्या रोपांतून काटक झाडांची निवड होत गेली. पुष्कळशी निवड तेथील हिवाळ्यानेच केली, असे म्हणावयास हरकत नाही. किर्गिझस्तानात अर्सलानबोब परिसरातील अक्रोडाची अरण्येही अशाच विविधतेसाठी प्रसिद्ध आहेत.

तथापि रायवळ झाडांचे गुणगान करताना शेतकऱ्याची अडचण विसरून चालणार नाही. बियांपासून वाढलेले झाड फळास येण्यास दहा-बारा वर्षे लागतात. ते फार उंच होते; हंगामात त्यावर चढून लांब काठीने फळे झोडपावी लागतात. दरवर्षी काही जण फांद्यांवरून पडून जायबंदी होतात, काही प्राणासही मुकतात. कलमी झाड चार-पाच वर्षांत फळू लागते आणि बेताच्या उंचीचे ठेवता येते. कलमांची मागणी त्यामुळे रास्तच आहे. प्रश्न आहे तो कलम कोणाचे, हा. कॅलिफोर्नियात १९७९ मध्ये प्रसारित झालेली ‘चँडलर’ ही जात आज अनेक देशांत लावली जाते. तिची सारी कलमे आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाची प्रतिरूपे असतात. एका झाडाला नडणारा कडाका अथवा रोग साऱ्या बागेला नडू शकतो.

श्रीनगर येथील केंद्रीय समशीतोष्ण फलोद्यान संस्थेने स्थानिक रायवळ झाडांतून निवड करून काही जाती तयार केल्या आहेत. जुन्या झाडाचे गुण कलमानेच जसेच्या तसे राखता येतात. अक्रोडाचे कलम मात्र हट्टी असते. काडी आणि खुंट यांचा जोड भरून येण्यास सुमारे २७ अंश उष्णता लागते. काश्मिरी वसंतात उघड्यावर ती मिळत नाही, म्हणून उबदार पॉलिगृहांचा आश्रय घ्यावा लागतो.

निवडीचे काम तुलनेने सोपे आहे. वसंतातील कडाक्यानंतर गावात फिरून, शेजारची झाडे काळवंडली असता हिरवी राहिलेली झाडे हेरावीत, त्यांवर खूण करावी. शरद ऋतूत त्यांची फळे फोडून कवच व गर पाहावा. पसंत पडलेल्या झाडाच्या काड्या पुढील हिवाळ्यात, पालवी फुटण्यापूर्वी, कलमासाठी काढाव्यात. झाड तोडले गेले असेल, तर ही संधी पुन्हा येत नाही.