शहागडच्या पुलावरून अजिंठ्याकडे

शहागडाजवळ गोदावरीच्या पुलावर सुटीच्या दिवशीं घटकाभर उभें राहिलें, म्हणजे प्रवाशांच्या गाड्यांची रीघ दिसते. सोलापूर–धुळे महामार्ग येथें नदी ओलांडून बीड जिल्ह्यांतून जालना जिल्ह्यांत शिरतो. दक्षिणेकडचे पुष्कळ प्रवासी याच वाटेनें छत्रपति संभाजीनगरास व तेथून वेरूळ-अजिंठ्यास जातात. रस्ता रुंद झाल्यानें माणूस लवकर पोंचतो खरा. पण पोंचल्यावर त्यानें कसें वागावें, हें रस्ता शिकवीत नाहीं. सहलीस निघण्यापूर्वीं विद्यार्थिमित्रांनीं याचा थोडा विचार करावा, म्हणून आम्ही येथें अजिंठ्याचें उदाहरण घेतों.

वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आहे; त्यांत हीं लेणीं कोरलेलीं आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें तेथें गेला असतां तीं त्याच्या दृष्टीस पडलीं. त्यानें काय करावें? दहाव्या लेण्यांतील चित्रित खांबावर आपलें नांव व तारीख कोरून ठेवली! लेण्यांत तेव्हां दगडमातीचा ढीग साचला होता व त्यावर तो उभा होता. पुढें ढीग काढल्यावर तें नांव माणसाच्या डोक्याहून उंच राहिलें. नव्या काळचा पहिला प्रवासी आणि पहिला भिंत खराब करणारा, दोघे एकच निघाले.

तेथील चित्रें मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर काढलेलीं आहेत. त्यामुळें तीं फार नाजूक आहेत. गर्दीच्या श्वासानें हवेंत ओल वाढते, ती त्यांस बाधते. निजामाच्या राजवटींत १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवून सुटलेले पापुद्रे बसविण्यांत आले. परंतु वर दिलेलें लाखेचें रोगण कालांतरानें पिवळें पडलें. म्हणजे उपचार करणाऱ्याच्या हातूनहि इजा होते. मग हात लावून पाहणाऱ्यांविषयीं काय बोलावें!

याच कारणास्तव खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबवितात. पुढील सुमारें ४ किलोमीटर राज्य परिवहनच्या बसनें जावें लागतें, कीं धूर व धूळ लेण्यांपर्यंत पोंचूं नये. प्रथम गेलों तेव्हां, सामान-मुलें घेऊन पुन्हा उतरा-चढा कशाला, अशी कुरकुर आम्हींहि केली होती. दरींत उतरल्यावर मात्र मोटारींच्या कर्ण्यांऐवजीं पक्ष्यांचा आवाज ऐकूं आला, तेव्हां आम्हांस आमचीच लाज वाटली.

पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि अंधारांत एकदम दिसत नाहीं. डोळे निवेपर्यंत स्वस्थ उभें राहावें लागतें, आणि घाईचा प्रवासी नेमका त्याच वेळीं बाहेर पडतो. एका दिवसांत दोन्हीं ठिकाणें उरकण्याचा बेत म्हणूनच फसतो. संभाजीनगराहून अजिंठाच सुमारें १०० किलोमीटर आहे. अजिंठा सोमवारीं बंद असतो व वेरूळ मंगळवारीं. शहागडाहून निघणाऱ्या पालकांनीं सोमवारीं वेरूळ पाहून रात्रीं मुक्काम करावा व मंगळवारीं सकाळीं फर्दापूरचा तिठा गांठावा. रविवारची गर्दी तोंपर्यंत घरीं परतलेली असते.