दिवे गेल्यावर



संध्याकाळची वेळ आहे. दूरदर्शन संचावर तुमच्या आवडीचा कार्यक्रम रंगात आला आहे. एवढ्यात दिवे जातात. पडदा काळा होतो, पंखा थांबतो. अम्मी मेणबत्ती शोधू लागतात. धाकटा भाऊ अंधाराला घाबरून रडतो. तुम्ही मोबाइल हाती घेता, तर त्याचीही बॅटरी संपत आलेली असते. मग घरात एकच प्रश्न ऐकू येतो, "आता काय करायचे?"

तासाभराने वीज येते आणि हा प्रश्न आपण विसरून जातो. पण प्रत्येक वेळी असे घडत नाही. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. काही गावांत तर वीज यायला आठवडे लागले. मोबाइलही बंद पडले. करोनाच्या साथीमुळे शाळा आधीच बंद होत्या. अशा वेळी पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर तर हवेच. पण लांबलचक रात्री मुलांना धीर देणारे, घरातल्यांना चार घटका हसवणारेही काहीतरी हवे असते.

आपल्या देशात दूरदर्शनची सुरुवात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत झाली. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याआधीही लोक रात्री एकत्र बसत, हसत, खेळत. मग ते काय करत होते? चला, पाहू या.

भेंड्या आणि बैतबाजी

गाण्याच्या भेंड्या तुम्ही सहलीला जाताना खेळला असाल. एका गटाचे गाणे ज्या अक्षराने संपते, त्या अक्षराने दुसऱ्या गटाने गाणे सुरू करायचे. आपल्या घरातली बैतबाजी याच नियमाने चालते. शेराच्या शेवटी 'नून' आले, तर पुढच्याने 'नून'ने सुरू होणारा शेर म्हणायचा. दोन्ही खेळांतली अडचणही सारखीच आहे! मराठीत 'ण' आणि 'ळ' या अक्षरांनी सहसा शब्द सुरू होत नाहीत. म्हणून भेंड्यांत 'ण' आला तर 'न' घेतात आणि 'ळ' आला तर 'ल' घेतात. उर्दूत 'ड़े' या अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही. तेव्हा खेळ सुरू होण्याआधीच त्याचा नियम ठरवून घ्या, म्हणजे भांडण होणार नाही.

एक दिवस बैतबाजी खेळा, दुसऱ्या दिवशी मराठी शब्दांच्या भेंड्या खेळा. पुस्तक न उघडता तुमचा मराठीचा अभ्यास होईल.

कोडी

अमीर खुस्रो (1253–1325) हे फार्सीचे थोर कवी. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या पहेल्या आजही घरोघरी ऐकू येतात. मराठीत पहेलीला 'कोडे' म्हणतात. ही दोन कोडी सोडवा पाहू :

1. डोक्यात माझ्या भरली आग, बारीक माझे अंग;
खरखरीत भिंतीवर डोके घासता अंधार होतो भंग.

2. उन्हात तुझ्यासंगे चालते, दिव्याजवळ रूप मोठे;
पूर्ण अंधारात शोधून पाहा, सापडत नाही कोठे.

पहिल्याचे उत्तर काडेपेटीतली काडी आणि दुसऱ्याचे सावली. आता तुम्हीही कोडी तयार करा. घरातली एखादी वस्तू निवडा. ती कशी दिसते आणि काय करते ते सांगा. फक्त तिचे नाव सांगू नका.

सावल्यांचा खेळ

सावलीची गोष्ट निघालीच आहे, तर तिलाच खेळायला बोलवा. पांढऱ्या भिंतीसमोर एक दिवा ठेवा. दिवा एकच असावा. दोन असले तर दोन सावल्या पडतात आणि दोन्ही फिकट होतात. दिवा आणि भिंत यांच्यामध्ये हात धरा. बोटांचे हरीण करा, कुत्रा करा, दोन्ही हातांचे अंगठे जुळवून पक्षी उडवा. हात दिव्याकडे नेला की सावली मोठी होते, भिंतीकडे नेला की लहान होते. अंधाराला घाबरणारा धाकटा भाऊ आता स्वतःच हात पुढे करील!

ही लहान मुलांची गंमत तेवढी समजू नका. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवून कथा सांगतात. तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

नवकंकरी

या खेळाला एक खडू आणि अठरा खडे पुरतात. जमिनीवर एकात एक असे तीन चौकोन काढा. चौकोनांच्या बाजूंचे मध्यबिंदू रेघांनी जोडा. कोपरे आणि मध्यबिंदू मिळून 24 घरे होतात. दोन खेळाडूंनी नऊ-नऊ खडे घ्यावेत. एकाचे खडे, तर दुसऱ्याचे चिंचोके असले तरी चालेल. आळीपाळीने एकेक खडा घरात ठेवा. सगळे ठेवून झाले की रेघेवरून शेजारच्या रिकाम्या घरात सरकवा. ज्याचे तीन खडे एका रेघेत येतील, त्याने दुसऱ्याचा एक खडा उचलायचा. ज्याच्याकडे दोनच खडे उरतील तो हरला. पाहता पाहता अब्बासुद्धा चाल सुचवायला पुढे सरकतील.

दास्तान

आता सर्वांत मोठा खजिना उघडू या. जुन्या काळी दास्तानगो रात्र-रात्र दास्तान सांगत. अमीर हमजाची दास्तान तर एवढी मोठी, की लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने ती 46 खंडांत छापली! दिल्लीचे प्रसिद्ध दास्तानगो मीर बाकर अली 1928 साली वारले आणि ही कला जवळजवळ लोपली. पुढे 2005 साली काही कलावंतांनी दिल्लीत ती पुन्हा रंगमंचावर आणली. पुस्तके छापलेली होती, म्हणून हे शक्य झाले.

पण तुमच्या दादीच्या गोष्टी कोणी छापल्या आहेत का? त्यांच्या लहानपणीचे गाव, विहिरीचे पाणी, पहिला रोजा, लग्नातली गाणी, पुरात वाहून गेलेले घर... या गोष्टी कोणत्याही पुस्तकात नाहीत. त्या फक्त दादीजवळ आहेत. दूरदर्शन चालू असते तेव्हा दादी कोपऱ्यात गप्प बसून असतात. दिवे गेले की त्यांच्याजवळ सरका आणि विचारा, "दादी, तुम्ही लहान असताना काय झाले होते?" हा प्रश्न आज विचारला नाही, तर एक दिवस उत्तर देणारे कोणी उरणार नाही. ऐकलेली गोष्ट सकाळी वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मग तीच मराठीत लिहा.

मित्रांनो, एक काळजी मात्र घ्या. काडेपेटी आणि विजेरी ठरलेल्या जागीच ठेवा. कंदील किंवा मेणबत्ती पडद्यापासून, अंथरुणापासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवा. झोपण्यापूर्वी ती विझवली की नाही ते पाहा.

वीज ही मोठी सोय आहे. ती यावी, लवकर यावी. पण आठवड्यातली एक संध्याकाळ वीज असतानाही संच बंद करून पाहा. एका दिव्याभोवती सगळे घर बसते, तेव्हा प्रत्येकाला काही ना काही करावे लागते. कोणी गातो, कोणी कोडे घालतो, कोणी हसतो. घराची करमणूक घरातल्या माणसांतच आहे. तिला फक्त कोणीतरी हाक मारायची असते. ती हाक तुम्ही मारा.

शब्दार्थ

करमणूक – तफरीह. चक्रीवादळ – समुद्री तूफान. पोफळ – सुपारीचे झाड. कोडे – पहेली. सावली – साया. आळीपाळीने – बारी-बारी. विजेरी – टॉर्च. लोपणे – नाहीसे होणे

स्वाध्याय

1. भेंड्या आणि बैतबाजी यांत कोणते साम्य आहे?
2. सावल्यांच्या खेळात दिवा एकच का असावा?
3. दादीच्या गोष्टी लिहून ठेवणे का गरजेचे आहे?
4. घरातील एका वस्तूवर दोन ओळींचे कोडे तयार करा.
5. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून एक आठवण ऐका आणि ती दहा ओळींत मराठीत लिहा.