महाराष्ट्रातील अव्वल फुटबॉल : सातत्याचा प्रश्न

फुटबॉल म्हटले की आपल्याला कलकत्ता आणि गोवा आठवतात. परंतु मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्येच सुरू झाली होती. कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणीच जिंकीत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने ही मक्तेदारी मोडली.

चषक आणि साखळी यांत मूलभूत फरक आहे. चषक एका पराभवाने हातचा जातो. साखळीत प्रत्येकाशी खेळावे लागते, म्हणून तीत सातत्याची कसोटी लागते. आपली राष्ट्रीय साखळी १९९६ मध्ये सुरू झाली. २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने ती जिंकून महाराष्ट्राला पहिले विजेतेपद मिळवून दिले. पण २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. याउलट १८८९ चा मोहन बागान टिकून राहिला.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने साखळीतील अग्रस्थान व अंतिम सामना दोन्ही जिंकले. तथापि खालच्या श्रेणीतील संघाला गुणवत्तेवर वर येण्याची वाट २०२३ पर्यंत नव्हतीच.

आमच्या कळंबोलीत संध्याकाळी मुले अनवाणी फुटबॉल खेळतात. त्यांच्यासाठी तालुक्यापासून राज्यापर्यंत दरवर्षी नेमाने चालणारी साखळी आणि सभासदांच्या वर्गणीवर उभे राहिलेले क्लब हवेत. मालकाची मर्जी फिरली की संपणाऱ्या संघांवर खेळाची परंपरा उभी राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.