संकटकाळचं दार मुलांनी उघडून पाहिलंय का?

शंका : मुलगी रोज स्कूल बसनं बीडला जाते. अपघातात गाडीतून कसं बाहेर पडायचं, याचा सराव शाळेकडून मागता येतो का?
— एक पालक, गेवराई

समाधान : जरूर मागा. महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 ची नियमावली आहे. तिचा भर गाडीवर आणि ती चालवणाऱ्यांवर आहे. पण त्याच नियमावलीनं प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमायला सांगितलं आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालक, पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षक सदस्य. सरावाची मागणी या समितीकडे लेखी द्या. अमेरिकेत दर सत्राला एकदा असा सराव घ्यावा, अशी शिफारस आहे. आपणही निदान तेवढा घ्यावा.

शंका : सराव नेमका कसा घ्यावा?
— मुख्याध्यापक, अंबाजोगाई

समाधान : बस शाळेच्या मैदानात उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकदा पुढच्या दारानं, एकदा संकटकाळच्या दारानं आणि शेवटी दोन्हींतून मुलं उतरवा. दप्तरं, डबे जागेवरच राहू द्या. दाराजवळच्या बाकांनी आधी उठायचं. मागचं दार जमिनीपासून उंच असतं, म्हणून उडी नको. काठावर बसून खाली घसरायचं आणि दोन मोठ्या मुलांनी खालून हात द्यायचा. धूर असेल तर वाकून चालायचं. उतरल्यावर गाडीपासून शंभरेक फूट लांब, रस्ता न ओलांडता थांबायचं आणि लगेच हजेरी घ्यायची.

चालकच जखमी झाला तर? वरच्या वर्गातल्या मुलांना इंजिन बंद करणं, दार उघडणं आणि 112 किंवा 108 ला फोन लावणं शिकवा.

एक मात्र सांगा : गाडी नुसती बंद पडली म्हणून धुळे-सोलापूर महामार्गावर मुलं उतरवायची नाहीत. आग, धूर, डिझेलचा वास किंवा गाडी कलंडण्याची भीती असेल तरच उतरायचं.

शंका : जागा अपुरी पडते, म्हणून दप्तरं मागच्या दारापाशी रचतो. चालेल का?
— बसमधली मदतनीस, केज

समाधान : अजिबात नाही. 1997 मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेल्या अटींत खिडक्यांना आडव्या गजांची अट होती. त्यामुळे मूल बाहेर पडत नाही. पण संकटात खिडकीची वाटही बंद होते. उरतं ते दारच.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 1988 मध्ये पिकअप ट्रकच्या धडकेनंतर एका बसनं पेट घेतला. 27 जण दगावले, ते धडकेनं नव्हे, आगीनं आणि धुरानं. पुढचं दार निकामी झालं होतं. अरुंद वाटेतून सगळे मागच्या एकाच दाराकडे लोटले होते.

तेव्हा दप्तरं आजच हलवा. दाराला कुलूप असेल तर काढा. कडी गंजली असेल तर दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत मुलं बसवू नका.

शंका : आमची मुलं एसटीनं जातात. त्यांचं काय?
— एक शिक्षिका, पाटोदा

समाधान : ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही पाटी मुलं रोज वाचतात, कडी कशी फिरवायची, हे कुणी दाखवत नाही. आगारप्रमुखांना पत्र द्या आणि एक बस तासभर शाळेत मागवा. दार मुलांच्या हातानं उघडू द्या. नुसतं सांगून हे येत नाही.