फुकट सल्ल्याचं बिल किती?

ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि शिल्लक रजेचे पैसे खात्यात पडले की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. बँकेतून फोन येतो, "सर, सवडीनं ब्रँचला चक्कर मारा, चहा घेऊ." पुतण्याचा मित्र पॉलिसीचे कागद घेऊन घरी येतो. सोसायटीत कुणाचा तरी 'आपला माणूस' असतोच. यांतलं कुणीच फी मागत नाही. मग यांचं घर कशावर चालतं, हा प्रश्न पदवी विचारण्याच्या आधी विचारायचा.

कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर पैशांबद्दल बोलणारी माणसं मुख्यतः दोन प्रकारची. एक, सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, तो ग्राहकाकडून फी घेतो आणि त्या ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कुठूनही कमिशन घेऊ शकत नाही. दुसरा, म्युच्युअल फंडाचा वितरक. त्याच्याकडे एआरएन क्रमांक असतो, तो तुमच्याकडून काही घेत नाही, त्याला फंड कंपनी देते. सल्लागारांसाठीचे सेबीचे नियम २०१३ सालचे आहेत, पण देशभरात असे नोंदणीकृत सल्लागार जेमतेम हजाराच्या घरात आणि एआरएनधारक लाखाच्या वर. म्हणजे कार्डावर 'फायनान्शियल प्लॅनर' लिहिलेला जो माणूस तुम्हाला भेटेल, तो बहुधा वितरक किंवा विमा एजंटच असेल. सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला 'इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर' किंवा 'वेल्थ अ‍ॅडव्हायजर' असं बिरुद लावायला सेबीनं २०२० मध्ये मनाई केली. बिरुदं तरीही दिसतात.

वितरकाला किती मिळतं, हे तुम्हाला घरबसल्या कळू शकतं, आणि हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. म्युच्युअल फंडांचं एकत्रित खातेपत्रक, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, ते ईमेलवर येतं. दर महिन्याचं नव्हे, मार्च आणि सप्टेंबरअखेरचं सहामाही पत्रक उघडा. प्रत्येक योजनेच्या नावापुढे 'रेग्युलर' किंवा 'डायरेक्ट' लिहिलेलं असतं, शेजारी वितरकाचा एआरएन असतो, आणि त्या सहा महिन्यांत तुमच्या गुंतवणुकीवर त्याला किती कमिशन गेलं, तो आकडा रुपयांत छापलेला असतो. तो आकडा दुप्पट केला की वर्षाचं बिल समजतं.

डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून मिळतात. त्याच फंडाच्या रेग्युलर योजनेपेक्षा त्यांचा खर्च इक्विटी आणि हायब्रिड प्रकारात बऱ्याचदा अर्धा ते एक टक्का कमी असतो. ५० लाखांवर ०.८ टक्के धरले तर वर्षाला ४०,००० रुपये होतात, आणि रक्कम वाढेल तसा हा खर्चही वाढतो. डायरेक्टवर ९ टक्के परतावा सुटला आणि रेग्युलरवर ८.२ टक्के, तर १५ वर्षांनी ५० लाखांचे अनुक्रमे सुमारे १८२ लाख आणि १६३ लाख होतील. मधल्या १९ लाखांची पावती तुम्हाला कुणी फाडून देत नाही, कारण ते रोजच्या एनएव्हीतूनच वजा झालेले असतात.

पण सरसकट वितरकाला झोडपण्यात अर्थ नाही. ज्याचे फंडात पाचसात लाखच आहेत, त्याच्यासाठी वर्षाला चारपाच हजारांच्या कमिशनवर केवायसी, नॉमिनेशन, बँक बदल अशी कामं धावपळ करून करणारा वितरक स्वस्तच पडतो. गोंधळ होतो तो विक्रेत्यालाच सल्लागार समजल्यावर. विम्यात हे अधिक खुपतं. पारंपरिक पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला चांगला मोठा वाटा कमिशनमध्ये जातो, त्यामुळे साठाव्या वर्षी १५ वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी सुचवणारा कुणासाठी सुचवतोय, ते उघड आहे.

आता फी. सेबीनं सल्लागाराला दोन पद्धतींची मुभा दिली आहे. ठरावीक फी घ्यायची तर एका कुटुंबामागे वर्षाला कमाल १,५१,००० रुपये (जानेवारी २०२५ पूर्वी ही मर्यादा १,२५,००० होती), आणि टक्केवारीनं घ्यायची तर सल्ल्याखालच्या मालमत्तेवर वर्षाला कमाल २.५ टक्के. या मर्यादा आहेत, बाजारभाव नव्हे. प्रत्यक्षात मुंबई-पुण्यात निवृत्तीचा संपूर्ण आराखडा पहिल्या वर्षी साधारण २५ ते ६० हजारांत होतो आणि पुढच्या वर्षांचा आढावा त्याहून कमी फीत. कुणी नुसता आराखडा करून देतो, अंमलबजावणी तुमची तुम्ही करायची. ते आणखी स्वस्त. सल्लागाराची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल तर फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ४०,००० सांगितले तर ४७,२०० देण्याची तयारी ठेवा.

निवृत्त माणसानं टक्केवारीच्या फीला शक्यतो नको म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ६० लाखांवर १ टक्का म्हणजे ६०,००० रुपये, जीएसटी धरून ७०,८००. त्या ६० लाखांतून तुम्ही वर्षाला ५ टक्के, म्हणजे ३ लाख, घरखर्चाला काढणार. त्या हिशेबानं जवळजवळ पाव हिस्सा फीत गेला. नोकरीत असताना एक टक्का डोळ्यांत भरत नाही. आवक थांबल्यावर तो भरतो.

कार्डावरच्या अक्षरांचा अर्थ थोडक्यात. 'सीएफपी' म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर. भारतात हे प्रमाणपत्र एफपीएसबी इंडिया देते आणि त्याचा अभ्यास खरोखर आर्थिक नियोजनाचाच आहे. पण तो परवाना नाही. सीएफपी असूनही माणूस निव्वळ कमिशनवर जगत असू शकतो. 'सीएफए' हा गुंतवणूक विश्लेषणाचा कठीण अभ्यासक्रम आहे, तुमच्या पेन्शनशी त्याचा थेट संबंध नाही. सीए कराच्या कामाला उत्तमच. 'आयएनएच' क्रमांकाचा माणूस रिसर्च अ‍ॅनालिस्ट असतो, तो शेअर सुचवतो, तुमचा संसार बघत नाही. 'एमडीआरटी' दिसलं की लोक दबून जातात, पण तो विमा विक्रीतला मान आहे, शिक्षणाचा नव्हे. पेन्शन नियामक पीएफआरडीए एनपीएससाठी वेगळे 'रिटायरमेंट अ‍ॅडव्हायजर' नोंदवते. रिलेशनशिप मॅनेजर हा हुद्दा आहे. त्या खुर्चीवर वर्ष-दोन वर्षांत नवा चेहरा दिसतो.

सेबी नोंदणीसाठी पदवी लागते आणि एनआयएसएमच्या १०-ए व १०-बी या दोन परीक्षा. एनआयएसएम ही सेबीनेच उभारलेली संस्था, तिचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. म्हणून प्रमाणपत्राची तारीख बघा. पूर्वी अनुभवाचीही अट होती, ती डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत निघाली. त्यामुळे समोरचा कालच पास झालेला आहे की त्यानं मंदी पाहिली आहे, याची चौकशी आता तुमच्यावर आली.

ती करायला माझा आवडता प्रश्न असा: "२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९०० अंशांहून अधिक कोसळला. त्या एप्रिलमध्ये तुमच्या निवृत्त ग्राहकांना महिन्याचे पैसे कुठून दिलेत?" ज्यानं दोनतीन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात बाजूला काढून ठेवला होता, तो लगेच सांगेल. जो 'बाजार नंतर वर आलाच की' असं म्हणेल, त्यानं संपत्ती वाढवायची कामं केली असतील, निवृत्ती सांभाळलेली नाही. आणखी दोन सोपे खडे टाकून पाहा. सिनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये नवरा-बायकोला मिळून किती ठेवता येतात? (दोघंही पात्र असतील तर प्रत्येकी ३० लाख, म्हणजे ६० लाख.) राज्य सरकारी पेन्शनचं अंशराशीकरण केलं तर कापलेली रक्कम कधी पूर्ववत होते? (१५ वर्षांनी.) शासकीय नोकरीतून आलेल्या ग्राहकांचं काम करणाऱ्याला हे तोंडपाठ असायला हवं.

नोंदणी क्रमांक तोंडी ऐकून वहीत लिहून घेऊ नका. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. तिथे नाव, क्रमांक आणि पत्ता जुळतो का पाहा, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरून गंडवणारे टेलिग्रामवर पैशाला पासरी आहेत. सल्लागाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तक्रारींचा मासिक तक्ता आणि वार्षिक ऑडिटची स्थिती टाकणं बंधनकारक आहे. तो तक्ता नसेल तर कारण विचारा. परताव्याची हमी देणारा तर नियमच मोडतो आहे, त्याच्याशी पुढे बोलणंच नको.

फी देण्याआधी लेखी करार होतो. फी रोखीत घेता येत नाही, चेक, बँक ट्रान्सफर किंवा यूपीआयनंच द्यायची. सल्लागार जास्तीत जास्त एका वर्षाची फी आगाऊ घेऊ शकतो. मध्येच करार मोडला तर उरलेल्या काळाचे पैसे परत मिळायला हवेत, एका तिमाहीपेक्षा जास्त फी त्याला राखून ठेवता येत नाही. हे कलम करारात बोट ठेवून वाचा. भांडण झालंच तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते, तिच्यावरच्या कारवाईचा अहवाल २१ दिवसांत देणं बंधनकारक आहे.

चांगला फीवाला सल्लागार सापडल्यावर लोक उत्साहात एक घाई करतात. सगळ्या रेग्युलर योजना एका झटक्यात डायरेक्टमध्ये वळवतात. करखात्याच्या दृष्टीनं ती विक्री असते. इक्विटी फंडात वर्षभराहून जुन्या युनिट्सवरचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर गेला की १२.५ टक्के कर लागतो, आणि नव्या युनिट्सवर एक्झिट लोडही पडू शकतो. चार वर्षांत, दर मार्च-एप्रिलच्या संधीवर थोडं थोडं वळवलं तर कर बराच वाचतो. नव्या सल्लागाराकडून पहिल्याच बैठकीत हे वेळापत्रक कागदावर मागून घ्या.