आत काय चाललंय ते आधी बघ

पोरी, ‘त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं’ हे इंग्रजीत लिहायचं झालं की डिक्शनरीतला पहिला शब्द उचलू नको. वरून कोरे दिसणारे चेहरे सारखेच असतात. त्या माणसाच्या आत काय आहे ते विचार, मग शब्द ठरव.

आपल्या सुरतेतल्या नवागामचीच माणसं घे. रिंगरोडच्या कापड मार्केटात मुरलेला व्यापारी साडीचा भाव ऐकतो आणि पापणीसुद्धा हलवत नाही. माल त्याला हवाच असतो, पण कळू द्यायचं नसतं. तो पोकरफेस. शब्द पत्त्यांच्या खेळातला, तेव्हा डाव असेल तिथेच वापर. मयताच्या घरी गप्प बसलेल्याला लावलास, तर तो काहीतरी लपवतोय असा वास येईल.

आणि धुळे-नंदुरबारकडून येऊन लूमवर उभी राहिलेली आपली माणसं? कंबर धरलेली असते, तरी घरी आल्यावर म्हणतात, ‘काही नाही, जेवायला वाढ.’ ती स्टोइक. दुखणं आहे, पण गिळलंय. मानाचा शब्द आहे, स्वस्त करू नको. इ.स.पू. ३००च्या सुमारास झेनो नावाचा तत्त्वज्ञ अथेन्सच्या एका रंगवलेल्या ओसरीत शिकवायचा. ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ म्हणतात, त्यावरून त्याच्या पंथाला स्टोइक हे नाव पडलं. गंमत बघ, विकारांच्या तावडीतून सुटणं याला तीच मंडळी अपाथेया म्हणत आणि त्याची थोरवी गात. आज त्याच कुळातला अपथेटिक हा ठपका झालाय: गल्लीत गटार तुंबलंय आणि ज्याला काही वाटतच नाही, तो.

डेडपॅनच्या आत हसू असतं. बस्टर कीटनचा १९२८चा ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ हा सिनेमा बघ. घराची अख्खी भिंत अंगावर येते, खिडकीच्या चौकटीमुळे तो वाचतो आणि चेहरा ढिम्म! तमाशातला तयार सोंगाड्याही कधी कधी असाच बोलतो, हसू फक्त आपल्याला फुटतं.

आतलं कळत नसेल तर इम्पॅसिव्ह लिही. निकाल ऐकणारा आरोपी, तिकीट तपासणारा टीसी, कोणालाही चालतो. हा शब्द चेहऱ्यापुरतंच बोलतो.

स्टॉलिड मात्र जपून. त्यात शांतपणाबरोबर थोडा मख्खपणाही येतो. निबंधात बापाला स्टॉलिड लिहिलंस आणि त्याने कोणाकडून अर्थ विचारून घेतला, तर मला मध्ये बोलावू नको.